बोनटावरचा घास

७ सप्टेंबर १९९४, बुधवार

पोळा झाला अन् तिसऱ्या दिवशी जीपनं मान टाकली.

तातेराव सकाळी आले, किल्ली फिरवली, नुसतं खर्र झालं. बोनट उचललं अन् दोन पावलं मागं सरले. इंजनावर कडबा, सुतळ्या, माझ्या जुन्या चोळीची चिंधी, सगळं गोल करून अंथरलेलं. म्या म्हन्ले, भावजी, बाळंतिनीची खोली हाय, बाप्यानं खोकून आत जावं. हसले न्हाईत. डिझेलची रबरी नळी कुरतडलेली व्हती, ती बोटानं दाखवली अन् म्हन्ले, "उंदरं, वहिनी."

तातेराव म्हंजे मालकाचे दोस्त. दोघं आळीपाळीनं जीपवर डायवरकी करायचे. मालक गेले त्याला सव्वा वरीस झालं. तवापासून जीप पाशिंजर घेत न्हाई, आंगनात कडब्याच्या गंजीला लागून उभी असती. पन हे रोज सकाळी येतेत, तिला घडीभर चालू करतेत अन् जातेत. काहून येतेत देव जाने. चहा बी पुरा पेत न्हाईत. म्या म्हनते, उरलेला आर्धा कप काय जीपला पाजू?

जीप इकली न्हाई त्याचं कारन एकच हाय. मालकाच्या छातीत दुखलं तवा भर दुपार व्हती. जीप लग्नाच्या भाड्यानं परतूरकडं गेल्ती, तातेराव घेऊन गेल्ते. मालकाला बैलगाडीत घातलं अन् तीर्थपुरीला न्यायला निघालो. वढ्यापाशी बैल थांबवावे लागले. मंग तिथून जल्दी करायचं काही कारनच राह्यलं न्हाई.

आता बेबीनंदा, माझी एकुलती, पहिल्या बाळंतपनाला माहेरी आली. आठवा सरत आलाय. जावई वाळूजच्या कंपनीत, त्याला रजा न्हाई. गावात येस्टी एकच, सकाळची. म्हनून माझ्या दारात जीप पायजे अन् ती चालू व्हाया पायजे. बाकी देवाकडं काही मागनं न्हाई.

९ सप्टेंबर, शुक्रवार

गनपती बसले.

तातेरावांनी कंपौंडरकडून सलायनची नळी आनली अन् कापून डिझेलला लावली. जीप लगेच चालू झाली. बेबी वसरीतून म्हन्ली, जीपला सलायन दिलं, आता इंजेक्शन पन द्या काका.

उंदराचं औषध बी आनलं व्हतं त्यांनी, कागदाच्या पुडीत. म्या हातच लावू दिला न्हाई. घरात गनपती बसलेत अन् त्यांची गाडी मारून माझी गाडी चालू करू का? तातेराव म्हन्ले, "मंग देवाला सांगा वहिनी, ज्यानं त्यानं आपली गाडी आपल्या घरी लावावी." सव्वा वर्सात पहिल्यांदा टोला दिला मानसानं. मला बरं वाटलं.

एक गोष्ट कुनाला सांगितली न्हाई, ती हितं लिहिते. रोज दिवेलागनीला म्या जीपच्या बोनटावर, काचंखालच्या फटीपाशी, मालकाच्या नावानं एक घास ठिवते. भाकर, तिळाची चटनी, कधी गुळाचा खडा. मालक घरापेक्षा जीपमधीच जास्ती जेवले, म्हनून तिथं. सकाळी पाहावं तं एक कन बी राहत न्हाई. कावळा म्हनावा तं तो जीपवर बसत न्हाई. मंग कोन खातं? म्या इचारत न्हाई. रोजचा घास रोज जातो. कारल्याची भाजी ठिवली तवा मात्र तशीच राह्यली व्हती. मालकाला कारलं कधीच चाललं न्हाई.

१४ सप्टेंबर, बुधवार

नळी शाबूत हाय. हारनची वायर तुटली.

ज्यानं जे सांगितलं ते केलं. डांबरगोळ्या फडक्यात बांधून चार कोपऱ्यात लटकवल्या. तंबाखू टाकली. घासलेटाचं फडकं फिरवलं. कोंबड्याची जाळी खालून तारेनं बांधली, ती तातेरावांनी उतानं पडून बांधली अन् कपाळ खरचटून घेतलं. म्या म्हन्ले, उंदीर चावला म्हनून सांगा गावात, मान वाढन.

बांधता बांधता ते म्हन्ले, वहिनी, कमाल हाय, उंदरं आतमधी भाकर आनून खातेत. चुरा पडलाय. कुनाच्या घरून आनत असतीन?

मला लगेच समजलं. जाऊबाई. आमची घरं एकाच आंगनात हायेत. द्वारकाबाई, म्हंजे माझी जाऊ, शिळ्या भाकरी कोंबड्यांना टाकते अन् उरलेलं तसंच पडू देते. म्या जाऊन बोलले, जाऊबाई, तुमच्या कोंबड्या जेवून राह्यल्या, उंदरं जेवून राह्यले, एक दिस मला पन बोलवा. तिनं इतकं बारीक तोंड केलं की बेबी हसू हसू पोट धरून बसली. तिनं पोट धरलं की माझं काळीज हलतं. हसते का कळ आली, एकदम समजत न्हाई.

२१ सप्टेंबर, बुधवार

रेडिओवर सांगितलं. बीडकडच्या खेड्यात प्लेग निघाला. बीड म्हंजे आपल्या उशाला.

उंदरापासून व्हतो म्हने. पहिल्यांदा उंदरं मरतेत, मंग मानसं. ताप येतो, काखंत गाठ येती. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपनी सगळं गाव उठून रानात झोपड्यात राह्यलं व्हतं, अन् परत आलं तवा आर्धी दारं उघडायला कोनी नव्हतं. तवा आमी पोरं खुदुखुदू हसायचो, म्हातारी भेव दाखवती म्हनून.

दुपारी बेबीच्या डोक्याला तेल लावलं. लावता लावता तिच्या काखंत हात घातला. ती म्हन्ली, माय, गुदगुल्या काहून करती? म्या म्हन्ले, लहानपनी लई हसायची, अजून हसती का पाहून राह्यले. गाठ न्हाई. दुसऱ्या काखंत बी न्हाई.

नंतर रांजनापाशी जाऊन उगीच तांब्या घासत बसले. माझं तोंड तिला दिसू नये म्हनून.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

आता सुरतंला पन. मानसं पटापट चालली म्हनतेत. तीर्थपुरीच्या बाजारात लोक तोंडाला रुमाल बांधून फिरून राह्यलेत, कोन कोनाला वळखत न्हाई. काकासाहेब, जाऊबाईचे मालक, लाल रुमाल बांधून घरात शिरले तं जाऊबाई चोर म्हनून वरडली. म्या लई हसले. हसताना बी कान जीपकडं व्हता. आत खुडबुड चालू व्हती, भर दिवसा.

२४ सप्टेंबर, शनिवार

व्हायचं ते झालं.

सकाळी तातेरावांनी किल्ली मारली. पंख्यामधी काहीतरी अडकलं, फाटकन आवाज झाला, अन् खालून एक उंदीर बाहीर फेकला गेला. मेलेला. जाऊबाई शेन टाकायला चालल्या व्हत्या, त्यांच्या पायापाशी पडला. पाटी तिथंच टाकून ती बाई अशी पळाली की चप्पल आजून आंगनात हाय.

घटकाभरात पारावरची सगळी मानसं दारात. लांबच उभे. तातेराव सांगून राह्यले, पंख्यानं मेला, बिमारीनं न्हाई. कोन ऐकतो. सांडू टेम्पोवाला म्हन्ला, मेला उंदीर म्हंजे मेला उंदीर, त्याच्या गळ्यात काय चिठ्ठी असती का कशानं मेला म्हनून? एकानं सांगितलं, जीपच पेटवून द्या. काकासाहेबांनी मधला रस्ता काढला. जीपला कोनी हात लावायचा न्हाई, बोनट उघडायचं न्हाई, चालू करायची न्हाई, सरकारी मानसं पावडर मारून जाईपर्यंत.

म्या म्हन्ले, माझी पोरगी दिसावर आली. पन ठरलेलं बदललं न्हाई. त्यांच्या घरी बी पोरीबाळी हायेत. त्यांच्या जागी म्या असते तं म्या बी तेच म्हन्ले असते, अन् हेच लई वाईट वाटतं.

घासलेट टाकून उंदीर जाळला. बेबीला आत बसवलं, तरी तिला वास आला.

२६ सप्टेंबर, सोमवार

आज मालकाची तिथ. पितरपाटात त्यांचं श्राद्ध.

बोलावलेली मानसं आली न्हाईत. गुरुजी आला न्हाई, निरोप आला की तब्येत बरी न्हाई. म्या एकटीनं सैपाक केला. खीर, कढी, आळूची वडी, उडदाचे वडे, मधी भोक पाडून. कावळ्यासाठी पान घरावर ठिवलं, त्यानं लगेच शिवलं. बेबी म्हन्ली, दादा लई भुकेले व्हते. बापाला ती दादाच म्हनायची.

तिच्या नजरंआड जीपच्या काचंखाली बी ठिवलं. आज एक घास न्हाई, वाडग्याएवढं. दोन वडे. म्हन्ले, पोट भरून खा अन् पोरीचं नीट व्हऊ द्या.

तातेराव फाटकाबाहीर उभे व्हते. आत याची बंदी न्हाई, जीपला हात लावायची हाय. तरी आत आले न्हाईत. जेवायला बोलावलं तं म्हन्ले, या तिथीला मला घास उतरत न्हाई. तीन दिस झाले, जीपचा आवाज न्हाई. आवाज न्हाई म्हनून उंदरांना रान मोकळं.

२८ सप्टेंबर, बुधवार

सरकारी मानसं आली. पांढरी पावडर मारली, गोळ्या दिल्या, गेली. मंग तातेरावांनी बोनट उघडलं.

एक वायर धड न्हाई. सेल्फची, दिव्याची, बॅटरीची, सगळ्याचा भुगा. नळी तेवढी राह्यली, सलायनची त्यांना आवडली नसन. तातेरावांनी काठीनं घरटं खाली वढलं. त्यातून एक वडा गडगडत आला.

उडदाचा. मधी भोक. आर्धा खाल्लेला.

सोमवारी गावात दुसऱ्या कुनाचं श्राद्ध नव्हतं. जाऊबाईच्या घरी वडे झाले न्हाईत. काठीनं अजून वढलं तं गुळाचा खडा, तीळ, भाकरीचे काळे पडलेले तुकडे. तातेराव वड्याकडं पाहून राह्यले, काचंखालच्या फटीकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. म्याच सांगितलं. सगळं, कारल्यापर्यंत.

सव्वा वरीस म्या उंदरं पोसली. रोज हातानं भाकर मोडून, पदर डोक्यावर घेऊन. अन् भांडले कोनाशी, तं जाऊबाईशी.

मला हसू आलं, मंग अर्ध्यातच थांबलं. ज्याच्या नावानं ठिवला त्याला एक घास पावला न्हाई? सव्वा वरीस मानूस उपाशी? का कावळ्यानं शिवलं तेवढंच खरं? कोनाला इचारू? बेबीला सांगावं तं तिचा दादा भुकेला गेला म्हनून ती रडन.

दिवेलागनीला भाकर मोडली. मंग परत टोपल्यात टाकली.

मालक, आज ठिवला न्हाई. पितरपाटातला दिस हाय, मला म्हाईत हाय. रागवायचं तं माझ्यावर रागवा. पोरीकडं पाहू नका.

३० सप्टेंबर, शुक्रवार. आंबड, सरकारी दवाखाना

काल लिहायला झालं न्हाई. आज बसून लिहिते, जसं झालं तसं.

काल सकाळी उठले तं बेबी गोधडीत कापून राह्यली व्हती. आंग भाजत व्हतं. म्या पहिल्यांदा काय केलं असन तं काखंत हात घातला. ह्या टायमाला ती हसली न्हाई. म्हन्ली, "माय, मला म्हाईत हाय तू काय चाचपती." गाठ नव्हती. पन ताप व्हता, अन् दारात उंदराची जीप, अन् बाहीर सगळं गाव.

दहा वाजता कळा सुरू झाल्या. दिस भरायला आजून तीन हप्ते व्हते. येस्टी गेल्ती. म्या पळत सांडूकडं गेले. त्यानं टेम्पोच्या मागून, लांबूनच इचारलं, ताप हाय का? म्या न्हाई म्हनायला तोंड उघडलं, पन माझ्या तोंडावर दिसलं असन. तो म्हन्ला, काकू, माझ्या घरी दोन लेकरं हायेत. त्याचे डोळे भरले व्हते. शिव्या द्याव्या तरी कोनाला?

परत आले तं तातेराव जीपपाशी. म्हन्ले, डिझेल इंजनाला वायर लागत न्हाई, नुसता धक्का लागतो. एकदा पेटली की बंद करायची न्हाई, बस. बेबीला मागच्या सिटावर गोधड्यात निजवलं. पन धक्का देनार कोन? तातेराव सुकानूवर. म्या एकटी.

गल्लीच्या दोन्ही बाजूनं मानसं उभी, रुमाल बांधून. एक पाऊल कोनी पुढं येईना. म्या एरवी काहीतरी बोलले असते, बायकांना हसायला लावलं असतं, बाप्यांना लाज आनली असती. काल त्याला येळ नव्हता. म्या जीपला पाठ लावली अन् रेटाय लागले. ती तसूभर हलली न्हाई.

मंग शेजारी बांगड्या वाजल्या. जाऊबाई. पदर खोचलेला, लुगड्याचा काष्टा घट्ट वढलेला, तोंडाला रुमाल न्हाई. माझ्याकडं पाहिलं न्हाई. म्हन्ली, "खालून जोर लाव, वरून न्हाई. भाकरीगत थापती काय." तिच्या मागं काकासाहेब आले. मंग सांडू आला. मंग म्या मोजलं न्हाई.

मारुतीच्या उताराला जीप दोनदा गचके देऊन थांबली. दोन्ही टायमाला बेबी आतून वरडली. तिसऱ्यांदा धडधडली. काळा धूर काकासाहेबांच्या तोंडावर. म्या चालत्या जीपवर चढले, जाऊबाईनं मागून कंबरेला धक्का दिला, जसं काही म्या पन बंद पडले व्हते.

हारनची वायर न्हाई, म्हनून रस्ताभर म्याच हारन. शेळ्या, बैलगाड्या, सायकली, सगळ्यांना डोकं बाहीर काढून वरडत गेले. वाटंत एक म्हातारा म्हन्ला, बाई, एवढ्या जोरात तं मालगाडी बी वरडत न्हाई. बेबीला हसू आलं, अन् हसता हसता कळ आली, अन् तिनं माझं मनगट असं आवळलं की आज ते निळं हाय.

वढ्यापाशी तातेरावांनी गेर बदलला तवा म्या डोळे मिटले. त्यांनी जीप इतकी हळू, इतकी जपून घातली पान्यात, जशी काय खाली कोनी निजलं व्हतं. मंग पलीकडं चढावाला जोरात दाबली.

दवाखान्याच्या दारात ताप म्हन्ल्यावर शिपायानं हात आडवा केला. डाक्टरीनबाई मात्र स्वतः बाहीर आल्या, तोंडाला फडकं बांधून, गाठी पाहिल्या, बोटातून रगत घेतलं. घटकाभर म्या भिंतीला टेकून उभी. त्या घटकेत म्या सगळ्यांची माफी मागितली, मालकाची, उंदराची, गनपतीची, जाऊबाईची.

हिवताप निघाला. साधा हिवताप. डाक्टरीनबाईनं काचंची पट्टी दाखवली, मला काही दिसलं न्हाई, पन म्या व्हय म्हन्ले. मंग त्या म्हन्ल्या, ताप लई चढलाय अन् पोर आडवं हाय. दोन तास पाहू, न्हाईतर जालन्याला न्यावं लागन. गाडी हाय का?

म्या म्हन्ले, हाय. चालूच हाय, बाई.

दोन तासाचे चार झाले. बेबीच्या खोलीबाहीर म्या बाकड्यावर, अन् खिडकीतून जीपची धडधड. तातेराव सिटावरून उठले न्हाईत. पानी नेऊन दिलं तं एका हातानं पेले, पाय पॅडलवर तसाच. मधी एकदा आवाज बारीक झाला, बंद पडती का काय असं वाटलं. म्या बाकड्याची कड दोन्ही हातानं धरली, जसं काय म्या धरलं म्हनून इंजन चालन. परत मोठा झाला. बेबी आतून वरडत व्हती, जीप बाहीरून, अन् माझ्या तोंडून एक आवाज निघत नव्हता. लोक म्हनतेत माझ्या तोंडाला कुलूप न्हाई. काल लागलं.

चार वाजता पोरगी झाली. पोर आपलं आपन फिरलं म्हने. बारकी हाय, तीन हप्ते आधी आली. पन रडली.

डाक्टरीनबाई म्हन्ल्या, आता जालन्याचं काम न्हाई. म्या बाहीर गेले सांगायला. बोनटावर हात ठिवला तं चटका बसला. तातेरावांना सांगितलं, पोरगी, दोघी बऱ्या हायेत. त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, म्हन्ले, धूर गेला. धूर तं मागच्या नळीतून निघतो. एरवी म्या हे सोडलं नसतं.

मंग त्यांनी इचारलं, बंद करू?

म्या म्हन्ले, राहू द्या अजून घडीभर. डिझेल जळतंय वहिनी, म्हन्ले. जळू द्या, म्हन्ले. बाहीर उन्हं उतरून राह्यली व्हती. म्या त्यांच्या शेजारच्या सिटावर बसले, मालक बसायचे त्या बाजूनं, अन् आमी दोघं तो आवाज ऐकत राह्यलो. बंद केली की काहीतरी व्हईल असं मला वाटून राह्यलं व्हतं. त्यांना बी तेच वाटत असावं, न्हाईतर इंजन बंद करायचा खटका कव्हाच वढला असता.

शेवटी नर्सबाईनं खिडकीतून डोकं काढलं. वो गाडीवाले, बंद करा ते, बाळ झोपून राह्यलं न्हाई.

तातेरावांनी खटका वढला. इतकं शांत झालं की मला भ्या वाटलं. अन् लगेच आतून पोर रडाय लागली, मोठ्यानं.

"घ्या वहिनी," तातेराव म्हन्ले. "आता आवाज बंद केला म्हनून रडती."

डाक्टरीनबाईनं सांगितलंय, हा ताप एक दिसाआड येतो. काल आल्ता. म्हंजे उद्या परत येनार. गोळ्या चालू हायेत. म्या उशाला बसून हाय. तातेराव आंबडच्या बाजारात वायर आनायला गेलेत.